ठाणे आणि नवी मुंबईतल्या शाळांच्या सहलप्रमुखांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार,

दिवाळीची सुटी संपली की तुमच्या टेबलावर सहलीच्या पत्रकांचा ढीग लागतो. वॉटरपार्क, रिसॉर्ट, नाश्ता-जेवणासह माणशी इतके. पहाटे पाचला शाळेच्या फाटकाशी बस, रात्री नऊला परत, आणि त्यातले सहा तास हायवेवर. ही सहल बंद करा असे आम्ही म्हणत नाही. मुलांना ती हवी असते, आणि त्यात गैरही काही नाही. मागणी एवढीच आहे की पाचवी ते नववीच्या प्रत्येक इयत्तेला वर्षातून एक अर्ध्या दिवसाची सहल आपल्याच शहरात काढा. सकाळी साडेसातला निघून साडेबाराला शाळेत परत.

शहरातली सहल एकदा केली आणि फसली, असे बऱ्याच शाळा सांगतात. फसण्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. एका सकाळी पाच ठिकाणे ठरवलेली असतात. तलाव, देऊळ, किल्ला, बाग आणि फ्लेमिंगो. मग मुलांना आठवते ती बस आणि बाईंचे ‘चला, चला’. एका सकाळी एकच भाग आणि त्यात फार तर तीन-चार थांबे, एवढे पथ्य पाळले तरी निम्मे काम झाले. उरलेले निम्मे म्हणजे दिवस आणि वेळ नीट निवडणे. त्यासाठी शाळेच्या वेळापत्रकाइतकेच पंचांगही लागते. ते का, हे पुढे येईलच.

सुरुवात जुन्या ठाण्यापासून करा. मासुंदा तलाव, म्हणजे आपली तलावपाळी, हा पहिला थांबा. काठावर कोपिनेश्वराचे देऊळ, तलावाकाठीच पोर्तुगीज काळापासूनची परंपरा सांगणारे सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च, आणि १९७८ पासून उभे असलेले गडकरी रंगायतन. तिथून चालत टेंभी नाक्यावर गेले की १८७९ चे ‘शआर हशामाईम’ हे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचे, सिनेगॉग (प्रार्थनागृह). पुढे कोर्ट नाक्याच्या बाजूला मध्यवर्ती कारागृहाची भिंत, म्हणजेच ठाण्याचा किल्ला. सगळे मिळून अडीच-तीन किलोमीटर. सातवीच्या मुलांना दोन-अडीच तास पुरतात.

दिवस निवडताना घोळ होतो तो असा. सोमवारी कोपिनेश्वराला गर्दी, श्रावणी सोमवारी तर विचारूच नका. शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवार संपेपर्यंत सिनेगॉगमध्ये शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना. नवरात्रात टेंभी नाक्यावर पाय ठेवायला जागा नसते आणि दिवाळीच्या पहाटे अख्ख्या ठाण्याची तरुणाई तलावपाळीवर लोटते. राहिले मंगळवार ते गुरुवार. हे तिन्ही कामाचे दिवस, म्हणून मुलांना लोकलने ठाणे स्टेशनवर आणू नका. सकाळी आठ ते अकरा तिथल्या पुलांवरून पंचेचाळीस मुलांची ओळ न तुटता नेणे कुणालाही जमत नाही. बसने तलावपाळीला उतरवा आणि बस लगेच पुढे पाठवा. तिथे उभी करायला जागा नाही आणि चालक वाट बघत बसला तर मागचे हॉर्न तुमचे बोलणे ऐकू देणार नाहीत. बस परत कुठे यायची, ते चालकाला आधीच कागदावर लिहून द्या.

सिनेगॉगला आयत्या वेळी जाऊन आत सोडत नाहीत. किमान दोन आठवडे आधी शाळेच्या पत्रावर मुलांची संख्या, सोबतच्या मोठ्यांची नावे आणि तारीख लिहून परवानगी घ्या, त्या दिवशी सगळ्यांकडे ओळखपत्र ठेवा. मुलग्यांसाठी टोपी किंवा रुमाल लागेल. चर्चलाही आधी फोन करा. देवळाचा प्रश्न वेगळा, तो बुटांचा. पंचेचाळीस मुलांनी नाडीचे बूट काढणे, शोधणे आणि पुन्हा घालणे यात पंधरा मिनिटे सहज जातात, आणि एकाचा बूट हमखास दुसऱ्याच्या पायात निघतो. त्या दिवशी गणवेशाचे बूट सक्तीचे करू नका. पट्ट्याच्या सँडल चालतील. प्रत्येक तुकडीने आपली पादत्राणे एका ओळीत ठेवायची आणि एका मोठ्या माणसाने तिथेच थांबायचे.

आत काय दाखवायचे? आजचे कोपिनेश्वराचे देऊळ सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी १७६० च्या सुमारास बांधले. ठाणे मराठ्यांकडे आले १७३७ मध्ये, म्हणजे सत्तापालटानंतरच्या पंचवीस वर्षांच्या आतले हे बांधकाम. आता हाच धागा धरून तुरुंगाच्या भिंतीशी जा. किल्ला पोर्तुगीजांनी १७३० च्या आसपास बांधायला घेतला. तो पुरा होण्याआधीच वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी, आणि पुढे त्याचा तुरुंग झाला. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी इथेच फाशी दिली. कारागृह आजही चालू आहे. त्यामुळे आत जाण्याचा विषय नाही, भिंतीचे फोटो काढायचे नाहीत आणि फाटकासमोर घोळका करायचा नाही. भिंतीपासून लांब, सावलीत थांबून पाच मिनिटांत सांगता येईल एवढेच सांगा. सातवी-आठवीची मुले इथे आपोआप गप्प होतात.

जुनी घरे बघायची तर चरई, खारकर आळी, नौपाडा या भागात अजून थोडी उरली आहेत. दरवर्षी कमी होत आहेत, त्यामुळे मागच्या वर्षीच्या माहितीवर जाऊ नका. ती खाजगी आहेत. रस्त्यावरूनच बघायची आणि ओटीवर कुणी बसले असेल तर आधी नमस्कार करायचा. बघण्यासारखे पुष्कळ असते: उतरते कौलारू छप्पर, पावसाळा अंगावर न येऊ देणारी पुढे काढलेली पागोळी, लाकडी खांब आणि त्याखालचा दगडी तळखडा. लाकूड थेट जमिनीत का रोवले नाही, हा प्रश्न मुलांना विचारा. ओल आणि वाळवी ही दोन उत्तरे कुणीतरी देतेच. पाडकाम चाललेल्या घराबाहेर कौले रचून ठेवलेली दिसली, तर विचारून त्यातले एक उलटे करून घ्या. मंगळुरी कौलाच्या खालच्या अंगाला कारखान्याचे नाव ठशात उठवलेले असते. आपल्या आळीतल्या घराचे छप्पर गलबतातून आले, हे त्या ठशावर बोट फिरवून जेवढे कळते तेवढे धड्यातून कळत नाही. कौल उचलायचे काम मोठ्यांनी करायचे, कारण ढिगाखाली विंचू असतात.

स्टेशनचा विषय मुलांना वर्गातच सांगून आणा. देशातली पहिली प्रवासी गाडी: १६ एप्रिल १८५३, दुपारी ३ वाजून ३५ मिनिटे, बोरीबंदर ते ठाणे ३४ किलोमीटर, १४ डबे. पुढच्याच वर्षी खाडीवरचा पूल होऊन गाडी कल्याणला गेली आणि पारसिकचा बोगदा आला १९१६ मध्ये.

आता पंचांगाचे. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगो बघायला बोट सुटते. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, क्षेत्र सुमारे १६९० हेक्टर, आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. शाळा तारीख ठरवते ती परीक्षा आणि स्नेहसंमेलन सांभाळून. खाडीला त्याचे काही नसते. ओहोटीला पाणी एवढे उतरते की बोट गाळात बसेल, म्हणून फेऱ्या भरतीच्या आगेमागेच होतात. म्हणजे तारीख भरतीवरून ठरवायची.

कोळीवाड्यांतला जुना हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणपट करा, की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा तिथी धरून सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच, आणि दिवसातून दोनदा भरती असल्याने सकाळीही तीच वेळ, रात्रीही साधारण तीच. रोज भरती पाऊण-पाऊण तासाने पुढे सरकते, त्यातूनच हे गणित आले. हा अंदाज अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, खाडीत आत पाणी पोचायला आणखी वेळ लागतो, म्हणून शेवटी छापील भरती-कोष्टक आणि केंद्राचा शब्द प्रमाण. पण तारीख निवडायला हा हिशेब पुरतो. शाळेच्या सकाळसाठी द्वादशी-त्रयोदशीच्या आसपासचे दिवस धरा. अष्टमीच्या आसपासचे सोडा, तेव्हा भरती भल्या सकाळी असते आणि भांगेमुळे, म्हणजे भरतीचा जोर कमी असल्याने, पाणीही कमी चढते. सहावीच्या मुलांना हे गणित फळ्यावर करायला द्या. सहलीची तारीख त्यांनीच काढली की चुकीच्या तारखेवर पालकसुद्धा अडून बसत नाहीत.

महिना फेब्रुवारी. फ्लेमिंगो नोव्हेंबरपासून यायला लागतात, पण डिसेंबरात संख्या अजून वाढत असते. बोटीत माणसे मोजकी घेतात, म्हणजे वर्गाच्या दोन-तीन फेऱ्या होतात. एक तुकडी पाण्यावर असताना बाकीच्यांना केंद्रातले प्रदर्शन आणि कांदळवन दाखवा, नाहीतर थांबलेली मुले दीड तास एकमेकांना ढकलत बसतील. केंद्राला साप्ताहिक सुटी असते आणि शनिवार-रविवारी गर्दी, तेव्हा मधला वार आणि आगाऊ नोंदणी.

कांदळवनात तिवराच्या झाडाखाली चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी मुळे दिसतात. चिखलात हवा नसते म्हणून ती श्वास घ्यायला वर येतात. तिवराच्या पानावर भिंग धरले तर मिठाचे बारीक खडे चमकतात, कारण शोषलेले जादा मीठ झाड पानातून बाहेर टाकते. चाटून बघा असे पूर्वी मुलांना सांगत. आजच्या खाडीच्या पाण्यात ते नको, भिंग बरे. फ्लेमिंगोंमध्ये दोन जाती ओळखायला शिकवा: धाकट्याची चोच गडद लालसर काळपट, मोठ्याची गुलाबी आणि फक्त टोकाला काळी. चोच उलटी पाण्यात बुडवून फ्लेमिंगो पाणी गाळतो आणि अन्न मागे ठेवतो. दुर्बिणी वर्गामागे चार-पाच असल्या तरी पुरतात, पण त्या गळ्यात अडकवायचा पट्टा असलेल्याच घ्या. पाण्यात पडलेली दुर्बीण परत मिळत नाही.

बोट जमली नाही तर नेरुळच्या डीपीएस तलावावर भरतीच्या वेळी काठावरूनही पक्षी दिसतात. तिथे खाडीचे पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्या की पक्षी फिरकत नाहीत. आठवडाभर आधी एका शिक्षकाने जाऊन बघून यावे.

नेरुळपर्यंत गेलात तर ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ला जा, पण बाग म्हणून नव्हे. मुलांना सांगा की हा होल्डिंग पाँड आहे. नवी मुंबईचा बराच भाग उधाणाच्या भरतीपेक्षा खालच्या पातळीवर वसवलेला आहे. जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली तर पाणी खाडीत जाणार कसे? म्हणून सिडकोने डच पद्धतीने हे तलाव केले. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी तलावात साठते, ओहोटीला खाडीत जाते. मधे लोखंडी झडप असते, वरून बिजागरीला टांगलेली, तिला फ्लॅप गेट म्हणतात. खाडीकडचे पाणी चढले की तेच तिला दाबून बंद करते, उतरले की आतले पाणी तिला ढकलून बाहेर पडते. ना मोटर, ना माणूस. बिघाडही साधाच असतो. झडपेच्या कडेत प्लास्टिकची पिशवी किंवा फांदी अडकली की ती पुरती मिटत नाही आणि खाडीच उलटी आत शिरते. दुसरा बिघाड गाळाचा. तलाव भरत गेला की पाणी मावत नाही. झडप प्रत्येक तलावाशी कठड्यावरून दिसेलच असे नाही. दिसणारी जागा आधी शोधून ठेवा. विज्ञानाच्या शिक्षकांनी बुटाच्या खोक्याच्या झाकणाची झडप करून वर्गात आधी दाखवली तर जागेवर बोलावे लागत नाही. आमच्या मते नवी मुंबईत शाळकरी मुलांनी बघावे असे यापेक्षा चांगले काही नाही, आणि ते बघायला फारसे कुणी जात नाही.

नवी मुंबईची दुसरी सकाळ बेलापूरला द्या. तीन थांबे: आर्टिस्ट व्हिलेज, पारसिक हिल, बेलापूरचा किल्ला. आर्टिस्ट व्हिलेज ही घरांची वसाहत वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी आखली, १९८३ ते १९८६ च्या दरम्यान. सात-सात घरांच्या मधे सुमारे आठ मीटर लांब-रुंद अंगण, आणि अशी तीन अंगणे मिळून एक मोठा चौक. दोन घरांत भिंत सामाईक नाही, म्हणजे शेजाऱ्याला न विचारता वाढवता येते. गेली चाळीस वर्षे लोकांनी तेच केले. मुलांना कागद द्या आणि खुणा करायला सांगा: उतरत्या कौलांचे मूळ घर कुठे उरले, कुठे स्लॅब आला, कुठे वर मजला चढला. अंगण पावलांनी मोजू द्या. मात्र ही वस्ती आहे, संग्रहालय नव्हे. एका अंगणात पंधरापेक्षा जास्त मुले नकोत, खिडकीत डोकावणे नको, माणसांचे फोटो नकोत आणि दुपारी एक ते चार तर जाऊच नये.

पारसिक हिलवर सकाळीच जा, कारण तिथून बघायचे ते पश्चिमेला, खाडीकडे आणि पाम बीच रोडकडे. सकाळी सूर्य पाठीशी असतो. डिसेंबर-जानेवारीत मात्र नऊच्या आधी धुरकट असते, थंड हवा खाली बसून धूर दाबून ठेवते. म्हणून आर्टिस्ट व्हिलेज आधी आणि टेकडी दहाच्या पुढे. सगळ्यात स्वच्छ दिसते ते पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात. ठाण्याच्या येऊरच्या डोंगराचे उलटे आहे. तिथून शहर पूर्वेला, त्यामुळे सकाळी डोळ्यांवर ऊन येते आणि फोटोत मुले काळी येतात. बेलापूरच्या किल्ल्यावर सिद्दी, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज असे सगळे येऊन गेले, आता थोडे बांधकाम तेवढे उभे आहे. वीस मिनिटे पुरे. झाडाची मुळे शिरलेल्या भिंतीवर कुणालाही चढू देऊ नका.

येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. वनखात्याची परवानगी, छोटी बस आणि कमी मुले, या तीन गोष्टी नसतील तर जाऊ नका. डबे उघडायचे ते खाली येऊन उपवन तलावाशी, वर उघडले की माकडे येतात. मार्चमध्ये कुसुंबाची कोवळी लाल पालवी बघण्यासारखी असते. कारवी मात्र २०१६ आणि २०२४ ला फुलली. आज पहिलीत असलेल्यांना ती आठ वर्षांच्या हिशेबाने २०३२ मध्ये दिसेल.

घोडबंदरचा किल्ला चांगला आहे, चढ थोडा आहे, खाडीचे दृश्य सुरेख आहे. पण गायमुखच्या घाटात गाडी अडकली की सहल तिथेच संपली, म्हणून सातच्या आत शाळा सोडता येत असेल तरच. खारघरच्या पांडवकड्याला पावसाळ्यात नेऊच नका, मुलांनी कितीही गळ घातली तरी. तिथे बंदी असते ती उगाच नाही. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही प्रवाह काही मिनिटांत फुगतो, आणि तिथे विद्यार्थी वाहून गेलेले आहेत.

मुलांच्या संख्येचे थोडके. पंचेचाळीसचा वर्ग म्हणजे पंधराच्या तीन तुकड्या, प्रत्येकीला दोन मोठी माणसे, एक पुढे आणि एक सगळ्यांच्या मागे. मागचा माणूस फोनवर बोलत नाही, एवढी एकच पात्रता. हजेरी नावाने न घेता आकड्याने घ्या: प्रत्येकाने आपला क्रमांक ओरडायचा, वीस सेकंदांत होते. एका जागी सात मिनिटांपेक्षा जास्त बोलू नका आणि बोलताना मुलांची पाठ रस्त्याकडे नको. स्वच्छतागृहाचे गणित आधी करा. दोन शौचकूप, पंचेचाळीस मुले, प्रत्येकी दोन मिनिटे, म्हणजे पाऊण तास. यासाठी निघण्याआधी शाळेतच एक फेरी आणि वाटेत एक ठरवलेली जागा, जी आदल्या दिवशी उघडी आणि पाणी असलेली बघून ठेवायची. मुलींसाठी सोबतच्या बाईंकडे सॅनिटरी पॅडची पिशवी असू द्या, विचारायची वेळ येऊ देऊ नका. पाणी माणशी एक लिटर, मार्चनंतर दीड. डब्यात कोरडे. पातळ भाजी बसमध्ये सांडते आणि मग सगळ्या दप्तरांना तिचा वास.

शिक्षण विभागाची परवानगी आणि पालकांचे संमतीपत्र अर्ध्या दिवसालाही लागते. संमतीपत्रात औषधांची आणि दम्याची ओळ ठेवा. पालकांना परतीची वेळ कळवताना तुमच्या अंदाजात अर्धा तास मिळवूनच कळवा आणि बस ऐरोलीचा किंवा कळव्याचा पूल ओलांडेपर्यंत ‘पोचतोच आहोत’ असा निरोप गटावर टाकू नका.

आपले,
ठाणे आणि नवी मुंबईत मुलांच्या गटांना शहर दाखवणारे काही जण